पोटातून निघणारी सोंड

ओढ्यातला दगड उलटा केला की त्याच्या खालच्या अंगाला प्लॅनेरिया सापडतो, पण आधी नजर तयार व्हावी लागते. सेंटिमीटरभर लांबीचा हा तपकिरी चपटकृमी दगडावरचा डागच वाटतो. चिमट्याने ओढला तर फाटतो. चित्रकलेच्या मऊ ब्रशने अलगद सोडवून पांढऱ्या बशीत, ओढ्याच्याच पाण्यात सोडायचा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्याला सोसत नाही.

बशीत तो वळवळत नाही, सरकतो. पोटाखालचे असंख्य सूक्ष्म केस स्वतःच्याच चिकट स्रावावर वल्ह्यांसारखे चालतात. डोळे दोन, पण त्यांना भिंग नाही. उजेड कुठून येतो एवढंच कळतं आणि तो अंधाराकडे वळतो.

खरी गंमत खाण्यात आहे. कच्च्या कलेजीचा तांदळाएवढा तुकडा टाका. थोड्याच वेळात डोकं डावी-उजवीकडे हलू लागतं. डोक्याच्या दोन्ही बाजूंचे कोपरे कानांसारखे दिसतात, पण त्यांचं काम पाण्यातला वास टिपण्याचं. तुकड्यावर चढून तो त्याला बिलगतो आणि पोटाच्या मध्यातून एक पांढरी नळी बाहेर काढतो. तोंड डोक्यात नाही, तिथे आहे! नळी मांसात शिरते, आत ओढलेलं अन्न फांद्याफांद्यांच्या आतड्यात पसरतं आणि लालसर नक्षी कातडीतून दिसू लागते. न पचलेलं परत त्याच वाटेने बाहेर. दुसरी वाटच नाही.

जीवशास्त्रज्ञ टी. एच. मॉर्गन यांनी १८९८ मध्ये दाखवलं की प्लॅनेरिया कापला तर शरीराच्या २७९ व्या भागातूनही पूर्ण प्राणी उभा राहतो. कापण्याची ही कथा सर्वांना ठाऊक असते. मला त्याची उपासमार जास्त विलक्षण वाटते. अन्न मिळालं नाही तर तो आटतो: पेशींची संख्या घटते, सगळं अंग प्रमाणात लहान होतं, पण घडण तीच राहते. पुन्हा खाऊ मिळाला की वाढतो. दोन्ही गोष्टींमागे त्याच मूळपेशी आहेत. अंगभर विखुरलेल्या, सतत विभागणाऱ्या.

सुरी नसतानाही तो दुभंगतो. शेपूट तळाला घट्ट रोवतो, पुढचा भाग ताणतो आणि खाण्याच्या नळीच्या मागे तुटतो. हे बहुधा रात्री घडतं. शेपटीच्या तुकड्याला काही दिवसांत डोळ्यांचे ठिपके उमटतात. पण लगेच त्याला कलेजी देऊ नये. खाण्याची नळीच तयार नसते. मांस कुजतं आणि पाणी खराब होऊन तुकडा मरतो.