चेहरा कुणाचा, कातडी कुणाची?

सिल्वासाच्या आदिवासी संग्रहालयात मुखवटे मांडलेले आहेत. दादरा-नगर हवेलीतला कोकणा समाज भवाड्यात असेच मुखवटे चढवून देव-दानवांची सोंगे नाचवतो. मुखवटा चढला की सोंगात देव येतो, ही त्यामागची श्रद्धा. अशा मुलखात राहून जॉर्ज फ्रांज्यू यांचा ‘ले झ्यू सां व्हिजाज’ (चेहऱ्याविना डोळे) हा १९६० चा फ्रेंच भयपट पहिल्यांदा पाहिला आणि त्यातल्या मुखवट्याने अंगावर काटा आणला. तो पांढुरका, गुळगुळीत आणि निर्विकार आहे. त्यामागे देव नाही, दानव नाही आणि चेहराही उरलेला नाही.

डॉ. जेनेसिए हे नामांकित शल्यविशारद. ते चालवत असलेल्या मोटारीला अपघात होऊन त्यांच्या मुलीचा, क्रिस्तियानचा, चेहरा गेला. तो परत मिळवून देण्यासाठी ते तरुण मुलींना फसवून घरी आणवतात आणि त्यांच्या चेहऱ्याची त्वचा काढून मुलीला लावू पाहतात. शस्त्रक्रियेचा प्रसंग फ्रांज्यू घाई न करता दाखवतात. चेहऱ्याभोवती पेन्सिलीने रेष आखली जाते, त्या रेषेवरून सुरी फिरते, मदतनीस बाई डॉक्टरांच्या कपाळावरचा घाम टिपते आणि मग चिमट्यांनी कातडी अलगद उचलली जाते. १९४९ मध्ये पॅरिसच्या कत्तलखान्यांवर माहितीपट करणाऱ्या दिग्दर्शकाची ही न डगमगणारी नजर आहे.

पण खरा थरकाप त्यानंतरचा. नवा चेहरा काही दिवस सुंदर दिसतो. मग एकामागून एक छायाचित्रांत तो काळवंडत जातो आणि डॉक्टर कोरड्या आवाजात नोंदी सांगत राहतात. हे शास्त्राला धरूनच आहे. परक्याची त्वचा शरीर नाकारते ते रोगप्रतिकारशक्तीमुळे, हे पीटर मेडावर यांनी दाखवून दिले होते. बर्नेट यांच्यासह त्यांना नोबेल मिळाले तेही १९६० मध्येच.

स्वतःची त्वचा मात्र जगते, आणि पुण्याच्या कारागिरांना हे फार आधीपासून ठाऊक होते. इंग्रज फौजेतल्या कावसजी नावाच्या बैलवाल्याचे नाक टिपूच्या कैदेत कापले गेले. पुण्यात विटा करणाऱ्या जातीतल्या एका वैद्याने मेणाचे नाक घडवले, ते सपाट करून कपाळावर आखले आणि तेवढी त्वचा सोडवली. दोन भुवयांमधला भाग मात्र जोडलेलाच ठेवला, म्हणजे रक्तपुरवठा तुटत नाही. मग ती त्वचा खाली वळवून बसवली आणि वर कात लावलेल्या कापडाच्या पट्ट्या ठेवल्या. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने ही हकिगत छापली. १८१४ मध्ये जोसेफ कार्प्यू यांनी तिकडे याच पद्धतीने नाक बसवले.

जेनेसिएंना न साधलेले काम २००५ मध्ये फ्रान्समधल्याच आमियाँ शहरात अंशतः साधले. जगातले ते पहिले आंशिक चेहरा-प्रत्यारोपण. औषधांनी प्रतिकारशक्ती आवरता आली आणि त्वचा चोरीची नव्हती, मेंदू-मृत दात्याच्या कुटुंबाने ती देऊ केली होती. चित्रपटाचे सारे भय या एका फरकात आहे. जेनेसिएंच्या हातात कौशल्य आहे, पोटात मुलीची मायाही आहे. समोरच्या मुलीची संमती तेवढी नाही, आणि तेवढ्यानेच शल्यविशारदाचा खाटीक होतो.

दात्याची संमती बंधनकारक करणारा आणि अवयवांच्या व्यापारावर बंदी घालणारा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा भारताने १९९४ मध्ये केला. ४ फेब्रुवारी १९९५ रोजी तो सुरुवातीला महाराष्ट्र, गोवा, हिमाचल प्रदेश आणि सर्व केंद्रशासित प्रदेशांत लागू झाला. त्या पहिल्या यादीत दादरा-नगर हवेली होती.