क्यासनूरच्या रानातली गाय

मार्च १९५७. शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या रानात माकडं मरून पडू लागली आणि कडेच्या गावांत माणसं तापानं फणफणू लागली. पुण्याचं विषाणू संशोधन केंद्र, म्हणजे आजची एनआयव्ही, तेव्हा जेमतेम पाच वर्षांचं होतं. संचालक टेलफर्ड वर्क यांना शंका आली ती पीतज्वराची. डासांमार्फत पसरणारा हा रोग आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतला. आशियात त्यानं कधी पाय ठेवला नव्हता, त्यामुळे शंका खरी ठरली असती तर हाहाकार उडाला असता.

पण मेलेल्या माकडांत आणि रुग्णांच्या रक्तात सापडला तो वेगळाच विषाणू. त्याचा जवळचा भाऊबंद होता सैबेरियात, आणि तो डासांतून नव्हे, गोचिडींतून पसरणारा. मग सैबेरियातून तो इथे आला कसा? हिवाळ्यात येणाऱ्या पाहुण्या पक्ष्यांच्या अंगावरून? हे तपासायला जागतिक आरोग्य संघटनेनं पैसा दिला आणि पक्षीतज्ज्ञ सलीम अलींच्या देखरेखीखाली मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं पक्ष्यांच्या पायांत कड्या घालायला सुरुवात केली. पक्ष्यांवर ठपका ठेवावा असा पुरावा काही मिळाला नाही. त्यांच्या स्थलांतराविषयी मात्र आपल्याला पुष्कळ कळलं, आणि तेही एका तापामुळे!

खरी गंमत आहे गोचिडीच्या आयुष्यात. अंड्यातून निघालेलं सहा पायांचं पिल्लू खसखशीच्या दाण्याहूनही बारीक. ते एकदा पोटभर रक्त पितं, गळून पडतं, कात टाकतं आणि आठ पायांचं होतं. मग दुसरं जेवण, पुन्हा कात, आणि प्रौढ झाल्यावर तिसरं. पहिलं जेवण आजारी माकडाच्या रक्ताचं झालं, तर विषाणू कात टाकल्यावरही तिच्या अंगात टिकून राहतो. मधल्या वयातली ही गोचीड गवताच्या पात्यावर चढते, पुढचे पाय पसरते आणि वाट पाहते. त्या पायांवरच्या इंद्रियाला जनावराचा उच्छ्वास आणि ऊब कळते. माणसाला चावते ती बहुतेक हीच, डिसेंबर ते मे या काळात. संशोधक पांढरं फ्लॅनेल रानातल्या पाल्यावरून ओढत नेतात. कापडावर ठिपके हलताना दिसले की चिमट्यानं उचलून काचेच्या बाटलीत टाकतात.

विषाणू हाती लागला, वाहक कळला. मग हे सगळं आत्ताच का उफाळलं? इथे मला सर्वांत मोठे वाटतात ते कोलंबियाचे संशोधक होर्हे बोशेल. स्वतःच्या देशात पीतज्वराचा माग काढताना त्यांनी लाकूडतोडे पाहिले होते. झाड कोसळलं की शेंड्यावर राहणारे निळे डास फांद्यांबरोबर खाली येत आणि माणसांना घेरत. जंगलातल्या पीतज्वराचं कोडं तिथे उलगडलं. साठच्या दशकात तीच नजर घेऊन ते क्यासनूरला आले, आणि त्यांचं लक्ष गेलं चरणाऱ्या गायीकडे.

रान तोडून भातशेती वाढली, गुरं वाढली, मोकळ्या जागी घाणेरीची जाळी माजली. प्रौढ गोचिडीला मोठं जनावर लागतं. पूर्वी तिला कधीमधी गवा किंवा सांबर मिळे, आता रोज चरायला येणारं खिल्लार मिळू लागलं. पोट भरलेली एकेक मादी हजारोंनी अंडी घालते. गाय विषाणू पसरवत नव्हती, ती गोचिडी पोसत होती. १९६९मध्ये बोशेल यांनी ही मांडणी प्रसिद्ध केली. मरतं माकड, पण साथीची तयारी झालेली असते रानाच्या कडेला, आपल्याच हातून. माझ्या मते हा शोध विषाणूच्या शोधाहून तसूभरही कमी नाही.

हा ताप आता शिमोग्यापुरता उरलेला नाही. २०१५मध्ये गोव्याच्या सत्तरीत आणि २०१६मध्ये आमच्या सिंधुदुर्गात, दोडामार्गकडे, तो पोचला. तिथे त्याला माकडताप म्हणतात. काजूचा हंगाम आणि गोचिडीचा हंगाम एकच, त्यामुळे बागेत बी वेचणाऱ्या बायाबापड्या त्याच्या तडाख्यात सापडतात. शंभर रुग्णांत तीन ते पाच दगावतात.

म्हणून कोकणातल्या वाचकांना कळकळीची विनंती: बागेतून आल्यावर गरम पाण्यानं, साबण लावून आंघोळ करा, कपडे उकळत्या पाण्यात टाका आणि काखा, कानांमागचा भाग, कंबर नीट तपासा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका. त्याचं अंग गार पडलं की गोचिडी दुसरं जनावर शोधायला निघतात. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात कळवा.