‘रूल आऊट’ म्हणजे नक्की काय?

रिसर्च पेपर वाचायला लागलात की ‘रूल आऊट’ हे क्रियापद सारखं भेटतं. शब्दकोशात ‘नाकारणे’, ‘वगळणे’ असे अर्थ मिळतात. ते चूक नाहीत, पण अपुरे आहेत. नाकारणं आपल्या मर्जीवर असतं. लग्नाचं स्थळही नाकारता येतं. पेपरमध्ये एखादी शक्यता ‘रूल आऊट’ होते, तेव्हा ती खरी असती तर जे दिसायला हवं होतं ते नीट शोधूनही दिसलेलं नसतं. मला त्यासाठी ‘बाद करणे’ जास्त जवळचं वाटतं.

हिग्ज बोसॉनचंच बघा. त्याचं वस्तुमान किती, हे सिद्धांत सांगत नव्हता. सर्नच्या ‘लेप’ या यंत्रावर २००० सालापर्यंत शोध चालला, कण काही सापडला नाही. म्हणजे मेहनत वाया? अजिबात नाही! ११४.४ जीईव्हीपेक्षा कमी वस्तुमान ९५ टक्के विश्वासपातळीवर ‘रूल आऊट’ झालं, पुढच्यांना तिथे शोधायची गरज उरली नाही. २०१२ मध्ये हिग्ज मिळाला तो १२५ जीईव्हीच्या आसपास. ते ‘९५ टक्के’ मात्र विसरू नका. बाद करण्यालाही खात्रीची पातळी असते, आणि ती सांगावी लागते.

खरा घोळ नकारार्थी रूपात होतो. ‘कॅनॉट बी रूल्ड आऊट’चं बातम्यांमध्ये ‘शक्यता नाकारता येत नाही’ होतं, आणि वाचणारा समजतो की तसंच घडलं असणार. मूळ वाक्य एवढंच म्हणतं, की ही शक्यता बाद करण्याइतका पुरावा हातात नाही. ती शक्यता दाट आहे की अगदी पुसट, याबद्दल ते गप्प आहे.

(व्याकरणाचं एक: सर्वनाम मधे येतं. ‘रूल इट आऊट’. ‘रूल आऊट इट’ नाही.)

तापाच्या पेशंटच्या कागदावर डॉक्टर ‘आर/ओ डेंग्यू’ लिहितात, तेही हेच ‘रूल आऊट’. घरातले काही जण नुसतं ‘डेंग्यू’ वाचून घाबरतात, तर कुणी ‘म्हणजे डेंग्यू नाही’ म्हणून निर्धास्त होतो. दोघंही चुकतात. डेंग्यू आहे का, हे अजून तपासायचंय, असा त्याचा अर्थ. त्यातही एनएस-१ ही रक्तचाचणी तापाच्या पहिल्या काही दिवसांतच भरवशाची असते. आठवड्यानंतर ती निगेटिव्ह आली, तरी तेवढ्यावर डेंग्यू ‘रूल आऊट’ होत नाही. तेव्हा आयजीएम चाचणी बघावी लागते.