कुंपणावरचा अडुळसा, बाटलीतलं औषध

गुरं तोंड लावत नाहीत म्हणून शेताच्या कडेला अडुळशाचं कुंपण करतात. पानं कडू, पण पांढऱ्या फुलांच्या देठाशी मधाचा थेंब असतो आणि पोरं तो चोखून घेतात.

खोकल्यावर वापरायची ती पानं. मात्र ती कुटून पिळली तर रस फारसा सुटत नाही. त्यामुळे वैद्य पुटपाक करतात. वाटलेल्या पानांचा गोळा मोठ्या पानात गुंडाळायचा, वरून मातीचा लेप द्यायचा आणि निखाऱ्यात भाजायचा. गरम गोळा फडक्यातून पिळला की रस निघतो. मग तो मधातून चाटवतात. जुन्या माणसांनी किती बारकाईनं निरीक्षण केलं असेल!

पानांतलं मुख्य द्रव्य म्हणजे व्हॅसिसिन हे अल्कलॉइड. त्याच्या रचनेवरून रसायनशास्त्रज्ञांनी ब्रोमहेक्झिन घडवलं आणि ते 1963 मध्ये बाजारात आलं. चिकट कफातले धागे ते सैल करतं, कफ पातळ होतो आणि श्वासनलिकेतल्या सूक्ष्म केसांना तो वर ढकलणं सोपं जातं. शरीरात ब्रोमहेक्झिनपासून अँब्रॉक्सॉल तयार होतं. आज कफ सिरपच्या कित्येक बाटल्यांवर हे नाव दिसतं. पार्किन्सनच्या रुग्णांवरही अँब्रॉक्सॉलच्या चाचण्या चालू आहेत.

व्हॅसिसिन गर्भाशयाचं आकुंचन वाढवतं. त्यामुळे घरचंच झाड आहे म्हणून गरोदर बाईला अडुळशाचा काढा कधीही देऊ नये. काही आठवडे लांबलेला खोकला, ताप किंवा थुंकीत रक्त असेल तर काढ्यावर न थांबता क्षयाची तपासणी करून घ्यावी.