गरिबाच्या दारातला नळ : गैरसमज आणि वस्तुस्थिती

तालुक्याचे गाव वाढते, नगरपंचायतीची नगरपालिका होते, धरणावरून नवी योजना येते, टेकडीवर जलकुंभ उभा राहतो. मुख्य जलवाहिनी मजुरांच्या वस्तीच्या तोंडावरून पुढे जाते, पण वस्तीतल्या घरांत नळ येत नाही. तिथल्या बायका पहाटे सार्वजनिक नळावर नंबर लावतात, नाहीतर टँकरची वाट बघतात. एवढा पैसा खर्च होऊनही असे का, हे विचारले की पालिकेच्या सभागृहात आणि चहाच्या टपरीवर सारखीच उत्तरे मिळतात : पाणीच कमी आहे, गरीब माणूस बिल भरत नाही, वस्ती अनधिकृत आहे. कोणी तपासून न पाहिल्यामुळे ही उत्तरेच हळूहळू धोरण होऊन बसली आहेत. ती तपासली तर बहुतेक टिकत नाहीत. खरी अडचण धरणात कमी आणि जलवाहिनीपासून उंबऱ्यापर्यंतच्या शेवटच्या काही फुटांत जास्त आहे.

गैरसमज १ : गरिबाला पाण्याचे पैसे परवडत नाहीत.

वस्तुस्थिती : नळ नसलेले घर पाण्यासाठी आजही पैसे मोजतेच, आणि नळवाल्या घरापेक्षा कितीतरी जास्त दराने मोजते. साधा हिशेब करा. वीस लिटरचा जार २० रुपयांना धरला आणि रोज एक घेतला, तर महिन्याला ६०० रुपये जातात आणि हातात ६०० लिटर पाणी येते. म्हणजे हजार लिटरला हजार रुपये. मुंबईत महापालिकेचा झोपडपट्टीसाठीचा दर हजार लिटरला पाच रुपयांच्या आसपास राहिला आहे. लहान शहरांत हा दर दुप्पट-चौपट धरला, तरी जार, ड्रम आणि टँकर यांच्या जवळपासही तो जात नाही.

पैशाखेरीज वेळ जातो, तो वेगळाच. नळाला पाणी येण्याची वेळ नक्की नसली की घरातले एक माणूस अडकून पडते. ते माणूस बहुधा बाई असते, नाहीतर शाळेत जाणारी मुलगी. तिची बुडालेली मजुरी आणि चुकलेले तास पाणीपट्टीच्या कोणत्याही हिशेबात धरले जात नाहीत. तेव्हा ‘परवडत नाही’ असे म्हणण्याआधी गरीब घर आज काय मोजते आहे, हे आधी मोजायला हवे.

गैरसमज २ : पाणीच अपुरे आहे, नवे धरण, नवी योजना झाल्याशिवाय नवे नळ देता येणार नाहीत.

वस्तुस्थिती : काही गावांत पाण्याचा स्रोत खरोखरच तोकडा आहे. पण अनेक शहरांत उचललेल्या पाण्याचा मोठा वाटा ग्राहकापर्यंत आणि बिलापर्यंत पोहोचतच नाही. जुन्या वाहिन्यांतली गळती, चोरून घेतलेले नळ, बंद पडलेले मीटर अशा वाटांनी ते जाते. केंद्र सरकारच्या ‘अमृत २.०’ अभियानाने हे प्रमाण वीस टक्क्यांच्या खाली आणण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. आज आपली शहरे त्याहून कितीतरी वर आहेत, म्हणूनच ते ठेवावे लागले.

यातून कसे बाहेर पडायचे, हे कंबोडियाची राजधानी नॉम पेन्हने दाखवले आहे. युद्ध आणि ख्मेर रूज राजवटीनंतर त्या शहराची पाणीव्यवस्था मोडकळीस आली होती. १९९३ मध्ये ‘एक सोन चान’ या अभियंत्याने तिथल्या पाणीपुरवठा प्राधिकरणाची सूत्रे हाती घेतली, तेव्हा शहराला दिवसाला जेमतेम दहा तास पाणी मिळत होते आणि शुद्ध केलेल्या पाण्यापैकी ७२ टक्के पाण्याचा पैसाच येत नव्हता. ग्राहकांच्या यादीत नावे होती पण नळ नव्हते; नळ होते पण त्यांची नावे यादीत नव्हती. त्यांनी सुरुवात केली ती घरोघरच्या मोजणीपासून. प्रत्येक नळाला मीटर बसवले, शहराचे विभाग पाडून प्रत्येक विभागाची गळती वेगळी मोजली, गळती शोधणारी पथके चोवीस तास तयार ठेवली आणि चांगल्या कामाला बक्षीस दिले. सरकारी कार्यालये आणि लष्करी अधिकारी यांनाही बिल भरायला लावले. साधारण पंधरा वर्षांत तो ७२ टक्क्यांचा आकडा सहा टक्क्यांच्या घरात आला, पाणी चोवीस तास झाले आणि नळजोड सुमारे २७ हजारांवरून दीड लाखाच्या पुढे गेले. २००६ मध्ये चान यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या शहरात शुद्धीकरण केंद्रांची क्षमताही वाढवली गेली, हे खरे. पण गळती तशीच राहिली असती, तर वाढवलेले पाणीही जमिनीतच गेले असते.

गैरसमज ३ : पाणी स्वस्त ठेवले की गरिबाचे भले होते.

वस्तुस्थिती : स्वस्त दराचा फायदा ज्याच्या घरी नळ आहे त्यालाच मिळतो. ज्याच्याकडे नळ नाही, त्याला दर शून्य केला तरी एक थेंब जास्त मिळत नाही. उलट दर खर्चाच्या फार खाली ठेवले की पाणीपुरवठा विभाग कायम तोट्यात राहतो. मग वाहिन्या बदलायला आणि वस्तीत नवी वाहिनी टाकायला पैसे उरत नाहीत. बंगल्यातल्या बागेला आणि गाडी धुवायला स्वस्त पाणी मिळते, आणि त्याची किंमत टँकरवर जगणारी वस्ती चुकवते.

गरीब घर अडते ते नळ घेताना लागणाऱ्या एकरकमी खर्चावर. एखाद्या लहान शहरात नवा नळजोड घ्यायचा तर काय काय लागते, ते बघा : अर्ज, घरपट्टीची पावती, जोडणी शुल्क, अनामत रक्कम, रस्ता खोदाईचे शुल्क, परवानाधारक प्लंबरची मजुरी, जलवाहिनीपासून घरापर्यंतचा पाइप, तोट्या आणि मीटर. घर मुख्य वाहिनीपासून जितके आत, तितका पाइप लांब आणि खोदाई जास्त. गरिबांची घरे बहुधा आतच असतात. महिन्याचे दीडशे-दोनशे रुपये भरण्याची ऐपत असलेले कुटुंब काही हजार रुपये एकदम काढू शकत नाही. शिवाय त्या कागदांपायी दोन-चार दिवसांची मजुरी बुडते, ती वेगळी.

मोरोक्कोतल्या टँजियर शहरात संशोधकांनी हेच तपासले. तिथल्या गरीब घरांना नळजोडासाठी बिनव्याजी कर्ज उपलब्ध होते आणि त्याचे हप्ते पाण्याच्या बिलासोबत फेडायचे होते. निवडक घरांना ही माहिती दारावर जाऊन दिली आणि कागदपत्रांचे कामही घरबसल्या करून दिले. त्यांपैकी ६९ टक्के घरांनी सहा महिन्यांत नळ घेतला. ज्यांना अशी मदत मिळाली नाही, त्यांच्यात हे प्रमाण जेमतेम दहा टक्के होते. तिथे सार्वजनिक नळाचे पाणी आधीपासूनच शुद्ध होते, म्हणून जुलाब कमी झाले नाहीत. पण पाण्यावरचा खर्च वाढूनही लोक समाधानी होते; वेळ वाचला आणि पाण्यावरून होणारी शेजाऱ्यांची भांडणे कमी झाली. नॉम पेन्हमध्येही सवलत जोडणीलाच दिली गेली. कुटुंबाच्या गरिबीप्रमाणे जोडणी शुल्कात ३० ते १०० टक्के सूट मिळे आणि उरलेली रक्कम हप्त्यांनी भरता येई.

गैरसमज ४ : कमी वापराला कमी दर आणि जास्त वापराला जास्त दर लावले की गरीब आपोआप सुरक्षित राहतो.

वस्तुस्थिती : एक घर, एक मीटर असेल तर ही टप्प्यांची पद्धत उत्तम चालते. पण वस्त्यांत अनेकदा पाच-दहा घरांना मिळून एकच नळ असतो. अशा वेळी सगळ्यांचा वापर एकाच मीटरवर जमा होतो आणि हंड्या-कळशीने पाणी भरणारी कुटुंबे सर्वांत महाग टप्प्यात जाऊन बसतात. भाडेकरूंनी भरलेल्या चाळीचेही तेच. उपाय अवघड नाही : एका मीटरवर किती कुटुंबे आहेत, याची नोंद ठेवून स्वस्त टप्पा तितक्या पटीने वाढवायचा. त्यासाठी वस्तीत जाऊन मोजणी करायची तयारी मात्र हवी.

गैरसमज ५ : अनधिकृत वस्तीला नळ दिला की घर कायदेशीर होते, म्हणून देता येत नाही.

वस्तुस्थिती : या प्रश्नावर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये निर्णय दिला आहे. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर न्यायालयाने सांगितले, की घर बेकायदा असले तरी त्यात राहणाऱ्या माणसाला पाणी नाकारता येत नाही. पाणी हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. पाणी दिल्याने जागेवर कोणताही हक्क तयार होत नाही, हे अर्जावर लिहून घेता येते.

अहमदाबादने हे व्यवहारात करून दाखवले. तिथल्या महापालिकेने लहान घरांसाठी पाचशे रुपयांत ना-हरकत दाखला देऊन पाणी आणि मलनिस्सारणाची जोडणी घेण्याची सोय केली. त्या आधी नव्वदीच्या दशकात तिथल्या ‘परिवर्तन’ योजनेत प्रत्येक कुटुंबाने पायाभूत सोयींसाठी दोन हजार रुपयांचा वाटा उचलला. ज्यांच्याकडे ती रक्कम नव्हती, त्यांना स्वयंरोजगार करणाऱ्या महिलांच्या ‘सेवा’ बँकेने कर्ज दिले. योजनेत आलेल्या वस्त्या दहा वर्षे हटवणार नाही, अशी हमी महापालिकेने दिली होती. उद्या घर पाडतील ही भीती गेली की माणूस स्वतःच्या घरात पैसे घालतो, हा त्यातला धडा.

नळ नाकारला तरी माणसे पाणी पितातच. ती चोरून जोडलेल्या पाइपातून घेतात, आणि तो पाइप गटारातून जातो. तो फुटला की घाण पाणी त्याच जलवाहिनीवरच्या अधिकृत घरांतही पोहोचते.

गैरसमज ६ : चोवीस तास पाणी ही चैन आहे, गरीब शहराने एक-दोन तासांवरच भागवावे.

वस्तुस्थिती : वाहिनीत पाणी नसते तेव्हा काय होते, ते पाहू. जलकुंभावरचा कर्मचारी व्हॉल्व्ह बंद करतो, वाहिनीतला दाब उतरतो. सांध्यांतून आणि भेगांतून बाहेरचा ओलावा आत झिरपू लागतो. शेजारी गटार असेल तर गटाराचे पाणी आत शिरते. पाणी सुटल्यावर घरोघरचे टिल्लू पंप थेट वाहिनीला लावले जातात आणि ते ही घाण आणखी जोराने ओढतात. सर्वांत आधी पाणी सधन घरांच्या जमिनीखालच्या टाक्यांत भरते. वाहिनीच्या शेवटच्या टोकाला असलेल्या वस्तीत धार बारीक येते. सुरुवातीचे गढूळ पाणी फेकून द्यावे लागते, काल साठवलेले ओतून द्यावे लागते. कमी तासांच्या पुरवठ्यात पाणी वाचते, हा समज इथेच खोटा ठरतो.

हुबळी-धारवाडच्या काही प्रभागांत २००८ च्या सुमारास चोवीस तास पुरवठा सुरू झाला. संशोधकांनी तिथल्या पाण्याची तुलना इतर प्रभागांशी केली, तेव्हा सतत दाब असलेल्या नळांचे पाणी बरेच स्वच्छ आढळले. एकूण जुलाबांत मोठा फरक दिसला नाही. पण टायफॉइड कमी होता आणि गरीब घरांतल्या लहान मुलांत रक्ती हगवण कमी होती. म्हणजे चोवीस तासांच्या पाण्याचा फायदा गरिबाला विशेष होतो. कारण फिल्टर, मोठी टाकी आणि उकळायला गॅस हे त्याच्याकडे नसते. आपल्याकडे कराडजवळच्या मलकापूरने मीटर आणि वापरानुसार चढते दर लावून लहान शहरातही चोवीस तास पाणी देता येते, हे दाखवून दिले.

गैरसमज ७ : खासगी कंपनी आणली की सगळे सुटते, किंवा खासगी कंपनी आली की गरीब बुडतोच.

वस्तुस्थिती : दोन्ही बाजूंना पुरावे आहेत. बोलिव्हियातल्या कोचाबांबा शहरात २००० मध्ये दर भडकले, लोक रस्त्यावर उतरले आणि कंपनीला जावे लागले. फिलिपिन्सच्या मनिला शहरात मात्र पूर्व भागातल्या खासगी कंपनीने गरीब वस्त्यांसाठी वेगळा कार्यक्रम राबवून मोठ्या संख्येने घरे जोडली. नॉम पेन्हचे यश पूर्णपणे सरकारी मालकीच्या काळात घडले. मालकापेक्षा तीन गोष्टी महत्त्वाच्या : पाण्याचे स्वतंत्र खाते, ज्यातला पैसा दुसऱ्या कामांना वळवता येत नाही, रोजच्या राजकीय हस्तक्षेपापासून मोकळीक, आणि किती गरीब घरे जोडली, याचा दरवर्षी जाहीर हिशेब.

आता आपण काय करायचे? १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने पाणीपुरवठा आणि झोपडपट्टी सुधारणा ही कामे पालिकांच्या यादीत घातली आहेत. म्हणून प्रश्नही पालिकेलाच विचारायला हवेत. आपल्या शहराच्या अंदाजपत्रकाच्या वेळी नगरसेवकाला हे चार विचारा : उचललेल्या पाण्यापैकी किती बिलात येते? किती घरांत अजून नळ नाही आणि ती कोणत्या वस्त्यांत आहेत? नळजोडाचे शुल्क हप्त्यांनी भरता येते का? कागदपत्रांसाठी वस्तीत शिबिर कधी लागणार? या चारांची उत्तरे पालिकेकडे नसतील, तर नव्या जलकुंभाच्या उद्घाटनाचे निमंत्रण घेऊ नका. आधी उत्तरे मागा. गरिबाच्या घरात नळ न येण्याचे कारण त्याची गरिबी हे नसून आपली जोडणीची पद्धत हे आहे, आणि ती पद्धत पालिकेच्या एका ठरावाने बदलता येते.