अन्नाचा हिशेब

घर चालविणे ही जशी एक कला आहे, तसेच ते एक शास्त्रही आहे. महिन्याच्या आरंभी घरात जे पैसे येतात, त्यांतून घरभाडे, वीज, औषधपाणी, मुलांची वह्या-पुस्तके आणि सणवार असे सारे भागवावयाचे असते. परंतु या सर्व खर्चांत सर्वांत मोठा वाटा असतो तो अन्नाचा. भारत सरकारने 2023-24 मध्ये देशातील कुटुंबांच्या खर्चाची पाहणी केली. तीत असे आढळून आले, की खेड्यातील कुटुंबाच्या दर 100 रुपयांच्या खर्चापैकी सुमारे 47 रुपये, आणि शहरातील कुटुंबाच्या दर 100 रुपयांपैकी सुमारे 40 रुपये खाण्यापिण्यासाठी लागतात. म्हणजे ज्या घराची मिळकत बेताची असते, त्या घराचे सुखदुःख बरेचसे स्वयंपाकघरातील डब्यांवर अवलंबून असते. तेथे थोडीशी गळती झाली, तर महिनाअखेरीस दुधाचा रतीब कमी करावा लागतो, नाहीतर एखाद्या वहीची खरेदी पुढे ढकलावी लागते.

ही गळती थांबविण्याच्या प्रयत्नास काटकसर म्हणतात. पुष्कळ लोक काटकसर आणि कंजूषपणा यांत गल्लत करतात. पण या दोहोंत महदंतर आहे. कंजूष मनुष्य आवश्यक तेही खात नाही व इतरांनाही खाऊ देत नाही. काटकसरी मनुष्य सर्वांना पोटभर जेवू घालतो; मात्र विकत आणलेला एकही जिन्नस वाया जाऊ देत नाही. कमी खाणे ही काटकसर नव्हे, किंवा केवळ स्वस्त ते घेणे हीही काटकसर नव्हे. जे विकत आणले ते कोणाच्या तरी पोटात गेले पाहिजे, हे काटकसरीचे मूळ सूत्र होय.

अन्न वाया जाण्याची मुख्य ठिकाणे तीन आहेत: बाजार, कोठीची खोली आणि जेवणाचे पान. त्यांचा आपण क्रमाने विचार करू.

बाजारात जाण्यापूर्वीची पहिली पायरी घरातच असते. डबे उघडून पाहावेत. कोणत्या डब्यात किती डाळ आहे, गूळ उरला आहे की संपला, कांदे-बटाटे किती दिवस पुरतील, हे पाहून मगच यादी करावी. यादीवाचून बाजारात गेलेला मनुष्य घरात असलेले पुन्हा आणतो आणि नसलेले विसरून येतो. तसेच, भुकेल्या पोटी बाजारात गेले असता डोळ्यांस सगळेच हवेसे वाटते. म्हणून शक्य तर जेवून खरेदीस निघावे. भाजी ऋतुमानाप्रमाणे घ्यावी. हिवाळ्यात मटार, गाजर, मेथी मुबलक येतात. तेव्हा ती ताजीही असतात व स्वस्तही. भर पावसाळ्यात पालेभाजी महाग होते आणि ओलाव्यामुळे एका दिवसात सडते. अशा वेळी मटकी, मूग, चवळी अशी कडधान्ये भिजवून, मोड आणून खाल्ली, तर पैसेही वाचतात आणि शरीरासही पोषण मिळते.

स्वस्ताईचा हिशेबही नीट करावयास शिकले पाहिजे. समजा, दुकानात तूरडाळीचा अर्ध्या किलोचा पुडा 90 रुपयांस मिळतो आणि दोन किलोंचा पुडा 330 रुपयांस. लहान पुडे घेतले तर दोन किलो डाळीस 360 रुपये पडतील. म्हणजे मोठ्या पुड्यात 30 रुपयांची बचत आहे. पण घरात माणसे दोनच असतील, डाळ चार महिने पुरेल आणि तेवढ्या अवधीत तिला भुंगेरे लागून 300 ग्रॅम डाळ टाकून द्यावी लागली, तर काय होईल? 165 रुपये किलोच्या दराने सुमारे 50 रुपयांची डाळ वाया गेली. वाचविले 30 आणि घालविले 50! याउलट त्याच घरात माणसे आठ असतील, तर मोठा पुडाच खरा फायद्याचा. यास्तव ‘किंमत किती?’ एवढेच विचारून भागत नाही. ‘आमच्या घरी हे किती दिवसांत संपेल?’ हाही प्रश्न विचारावा लागतो. बंद पुड्यावर छापलेली तारीख वाचण्याचीही सवय हवी. तीत भेद असतो. ‘युज बाय’ किंवा ‘एक्स्पायरी’ असे शब्द असल्यास त्या तारखेनंतर तो पदार्थ खाऊ नये. ‘बेस्ट बिफोर’ हे शब्द मात्र चव व ताजेपणा यांविषयी सांगतात.

आता दुसरे ठिकाण. पूर्वीच्या काळी वर्षाचे धान्य घरात भरून ठेवण्याची रीत होती. बांबूची कणगी विणून ती शेणामातीने लिंपीत आणि तीत धान्य भरीत. काही भागांत जमिनीत खोल पेव खणून त्यात ज्वारी साठवीत. धान्य भरण्यापूर्वी ते कडकडीत उन्हात वाळवीत. दाणा दाताखाली कट्ट वाजून तुटला, की तो पुरता वाळला असे समजत. या रीतीमागे शास्त्र आहे. धान्यातील किडींना आणि बुरशीला वाढण्यासाठी ओलावा लागतो. ओलावा गेला, की त्यांचे बळ गेले. कडुलिंबाच्या वाळलेल्या पाल्याने कीड दूर राहते. वाल किंवा मूग यांस एरंडेल तेलाचा हात लावला, म्हणजे दाण्यावर घातलेली भुंगेऱ्यांची अंडी गुदमरतात. रवा भाजून ठेवला तर त्यास लवकर जाळी धरत नाही. आज आपल्या घरांत कणगी नसेल, डबे असतील. पण नियम तेच आहेत. डबा कोरडा असावा, त्यात ओला चमचा घालू नये, आणि जुन्या धान्यावर नवे ओतू नये. जुने आधी वापरावे, नवे मागून. नाहीतर तळाचे धान्य वर्षानुवर्षे तळाशीच राहते आणि वरच्या धान्यासही कीड देते.

फळे व भाज्या यांची राखण निराळी. ‘एक नासका आंबा सगळी अढी नासवतो’ ही म्हण तुम्ही ऐकली असेल. तिचा अर्थ आपण माणसांच्या संगतीकडे लावतो. पण ती आंब्यांच्या बाबतीतही अक्षरशः खरी आहे. नासक्या फळावरील बुरशी शेजारच्या फळावर पसरते. शिवाय पिकणाऱ्या फळांतून इथिलीन नावाचा वायू बाहेर पडतो व त्यामुळे जवळची फळे लवकर पिकतात. म्हणूनच कच्चे आंबे गवतात दडपून अढी घालतात. परंतु पिकलेली केळी पालेभाजीजवळ ठेवली, तर हाच वायू भाजी पिवळी पाडतो. कांदे आणि बटाटे एकाच टोपलीत ठेवू नयेत; दोन्ही लवकर खराब होतात. बटाटे अंधाऱ्या, हवेशीर जागी ठेवावेत, कारण उजेडात ते हिरवे पडतात व त्यांत विषारी द्रव्य तयार होते. कोथिंबीर निवडून, कोरड्या कापडात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवली, तर बरेच दिवस टिकते. आठवड्यातून एकदा फ्रिजमधील मागच्या वाट्या पुढे आणल्या, तर विसरलेले पुष्कळ अन्न वेळीच सापडते.

आपल्या आज्या-पणज्यांनी उरलेल्या अन्नाचे सोने करण्याची विद्या सांभाळून ठेवली आहे. रात्रीच्या पोळ्या उरल्या, तर सकाळी फोडणीची पोळी होते. शिळी भाकरी ताकात कुस्करून खातात. दोडक्याच्या शिरांची चटणी, मुळ्याच्या पाल्याची भाजी, लाल भोपळ्याच्या सालीची चटणी हे पदार्थ कोणा धनिकाच्या आचाऱ्याने शोधून काढले नाहीत. ते गरजेतून आणि बुद्धीतून जन्मास आले. दुधावरची साय विरजून लोणी, लोण्याचे तूप, उरलेल्या ताकाची कढी आणि तुपाच्या तळाशी राहिलेली बेरी गुळाबरोबर मुलांच्या हातावर! एका पातेल्यातील दुधाचा यांपैकी कोणताही अंश मोरीत जात नाही.

मात्र येथे एक सावधगिरी अवश्य बाळगावी. शिळे आणि नासलेले यांत भेद आहे. शिजविलेले अन्न दोन तासांहून अधिक काळ तसेच उघड्यावर राहू देऊ नये. ते निववून थंड जागी ठेवावे. विशेषतः भाताची काळजी घ्यावी. तांदळातील काही जंतूंची बीजे शिजविल्यानेही मरत नाहीत. भात ऊबदार हवेत पडून राहिला, तर ते जंतू वाढतात व त्यांनी तयार केलेले विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. ज्या अन्नास आंबूस वास आला किंवा बुरशी धरली, ते काटकसरीच्या हट्टाने खाऊ नये. औषधाचा खर्च अन्नाच्या किमतीपेक्षा नेहमीच मोठा असतो. अन्न नासण्यापूर्वीच ते वापरणे, यातच खरी हुशारी आहे.

तिसरे ठिकाण म्हणजे आपले पान. येथे दोष आईचा नाही व दुकानदाराचाही नाही. येथे तुमची-आमची जबाबदारी आहे. भूक पोटाची असते, पण वाढून घेतात डोळे. आधी थोडे घ्यावे, लागल्यास पुन्हा मागावे, हा साधा नियम पाळला, तर पानात काही राहत नाही. लग्नकार्यातील पंगतीत आग्रह करकरून वाढण्याची आपल्याकडे रीत आहे. आग्रहामागील प्रेम खरेच. पण पाहुण्याच्या पानात टाकलेला लाडू पाहून यजमानाचे प्रेम वाढत नाही, खर्च मात्र वाढतो.

आपल्या आजोबा-आजींना विचारा. अन्नाची टंचाई म्हणजे काय, हे त्यांच्यापैकी पुष्कळांनी प्रत्यक्ष पाहिले आहे. 1965 मध्ये देशात धान्याचा तुटवडा होता व परदेशांतून गहू आणावा लागत होता. त्या वेळी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी आठवड्यातून एका वेळचे जेवण सोडण्याचे देशवासीयांस आवाहन केले. असंख्य घरांत सोमवारी संध्याकाळी चूल पेटेनाशी झाली. कित्येक उपाहारगृहेही त्या वेळी बंद राहू लागली. पुढे 1972 मध्ये महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला. लाखो माणसे उन्हातान्हात खडी फोडण्याच्या कामावर राबली. परदेशांतून आलेली मिलो ज्वारी आणि सरकारने वाटलेली सुकडी यांवर लोकांनी दिवस काढले. ज्यांनी ते दिवस पाहिले, ती माणसे आजही ताटातील शेवटचे शीत वेचून खातात. त्यांना कोणी हसू नये.

आज देशात धान्य पुष्कळ पिकते. पण जगात भूक संपलेली नाही आणि नासाडीही थांबलेली नाही. संयुक्त राष्ट्रसंघाच्या पर्यावरणविषयक संस्थेने 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, 2022 या एका वर्षात जगातील घरे, उपाहारगृहे आणि दुकाने यांत मिळून 100 कोटी टनांहून अधिक अन्न वाया गेले. त्यांपैकी सुमारे 60 टक्के नासाडी घरांत झाली. त्याच अहवालात भारतातील घरांत दरमाणशी वर्षाला सुमारे 55 किलो अन्न वाया जात असल्याचा अंदाज दिला आहे. आणि त्याच काळात जगात 70 कोटींहून अधिक लोक उपाशी किंवा अर्धपोटी होते!

अन्न वाया जाते, तेव्हा केवळ पैसाच जातो असे नाही. एक किलो तांदूळ पिकविण्यास सरासरी सुमारे 2500 लिटर पाणी लागते. त्यामागे चिखलात वाकून रोपे लावणाऱ्या स्त्रियांचे श्रम असतात, बैलांची किंवा ट्रॅक्टरची नांगरट असते, हमालाची पाठ असते. मूठभर भात टाकला, की त्या साऱ्यांचे श्रम आपण टाकले. पुन्हा, कचराभूमीत सडणाऱ्या अन्नातून मिथेन हा ज्वालाग्राही वायू निघतो आणि तो पृथ्वीच्या तापमानवाढीसही हातभार लावतो.

तेव्हा मुलांनो, एक प्रयोग करून पाहा. एक वही घ्या आणि आठ दिवस घरात वाया गेलेले अन्न तीत लिहा: काय टाकले, किती टाकले, त्याची किंमत अंदाजे किती आणि ते का टाकावे लागले. ‘अर्धी जुडी पालक, विसरल्याने सडला’, ‘दोन पोळ्या, जास्त केल्या’, ‘अर्धी वाटी आमटी, मी पानात टाकली’ अशी एकेक नोंद करा. आठव्या दिवशी बेरीज करून ती घरातील सर्वांस वाचून दाखवा. मात्र कोणास दोष देण्यासाठी नव्हे. समजा, एखाद्या घरात महिन्याला 8000 रुपयांचे अन्न येते व त्याचा दहावा भाग वाया जातो. तर महिन्यास 800 आणि वर्षास 9600 रुपये होतात. तेवढ्यात कितीतरी दूध, फळे, पुस्तके घरात येतील!

थेंबे थेंबे तळे साचते, तसे ते थेंबे थेंबेच आटतेही. घराची शिल्लक वाढविण्यासाठी दर वेळी अधिक मिळकतच हवी असे नाही. आलेल्या धान्याचा मान राखला, तरीही ती वाढते. हे काम एकट्या आईचे नाही. यादी करणे, डबे पाहणे, जुने पुढे आणून ठेवणे आणि पान स्वच्छ करून उठणे ही कामे तुमच्या वयाच्या मुलामुलींना सहज जमण्यासारखी आहेत. ती आजच्या जेवणापासूनच सुरू करता येतील.