जर जाळू नका, जपा!

ट्रंकेच्या तळाशी आजीच्या हातची जरीची कुंची, नाहीतर पणजोबांची भरजरी टोपी अजून आहे का हो तुमच्याकडे? असेल तर जुनी जर घेणाऱ्याची हाक आली म्हणून लगेच बाहेर काढू नका. तो वजनावर पैसे देतो, कापड जाळतो आणि उरलेली चांदी गाळतो. ज्या हातांनी ते भरलं, त्यांची किंमत त्याच्या तराजूत येतच नाही.

तसा आमचा जिल्हा जरीचाच! वाळूजला लोक कारखान्यांमुळे ओळखतात, पण पैठणी याच जिल्ह्यातल्या पैठणची आणि हिमरू संभाजीनगर शहराचं. मात्र पैठणीची जर मागावर विणली जाते, तर जरदोजीची जर तयार कापडावर सुईने भरतात. हा फरक बऱ्याच जणींना माहीत नसतो.

जरदोजी हा फारसी शब्द. ‘जर’ म्हणजे सोनं, ‘दोजी’ म्हणजे शिवणकाम. मोगल काळात बादशाही कारखान्यांत हे काम चाले. सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची कांब जंत्रीच्या लहान लहान भोकांतून ओढून केसासारखी तार काढत. तार ओढणारे ते तारकस, चपटी करणारे ते चपडे. ही चपटी तार रेशमी धाग्यावर गुंडाळली की झालं कलाबतू.

कलाबतू कापडातून सारखं आरपार ओढलं, तर तार सुटते आणि कापडही खराब होतं. म्हणून लाकडी अड्ड्यावर कापड ताणतात, जर वरच ठेवतात आणि बारीक रेशमी टाक्यांनी जागच्या जागी बांधतात. स्प्रिंगसारख्या दबक्याचे तुकडे मात्र मण्यांसारखे सुईत ओवायचे. उठाव हवा तिथे खाली सुताचा भराव घालायचा.

आमच्या बचत गटातल्या काही जणी ब्लाउजवर आरी वर्क करतात. मान अवघडते, डोळे दुखतात आणि वर ‘मशीनचं स्वस्त मिळतं’ हे ऐकावं लागतं! त्यांच्यासमोर जुनी कुंची ठेवली की आधी उलटी करून बघतात. टाका कुठे घातला, भराव कसा दिला, हे तिथेच कळतं. हा धडा जाळून टाकला तर त्यांनी शिकायचं कुणाकडून?

आज बाजारात तांब्याची आणि प्लास्टिकची जर भरपूर आहे. सुटलेली तार हलकेच खरवडून बघा. आत लालसर दिसलं तर तांबं, पांढरं दिसलं तर बहुधा चांदी.

जरीचं कापड प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका. धुतलेल्या मऊ सुती कापडात गुंडाळा, अधूनमधून घडी बदला, अत्तर आणि डांबराच्या गोळ्या लांब ठेवा. आणि हो, हातचं काम करून घेताना मैत्रिणींनो, घासाघीस जरा कमी करा. त्या टाक्यांमागे एका बाईची दृष्टी खर्ची पडते.